बाळसं

आमच्या किनाऱ्यावर कोणालाच आपलं वय ठाऊक नव्हतं, आणि माझी नोकरी होती वयाप्रमाणे माणसं किती वाढतात ते मोजण्याची. ती वर्षं माझी कशी गेली असतील, ते एवढ्यावरून कळावं.

साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचा. मी मुंबईला मावशीकडे राहून विज्ञानाची पदवी घेतली होती आणि घरचे लग्नाचं बघेपर्यंत हाताला काहीतरी काम असावं म्हणून धडपडत होते. त्याच सुमारास मुंबईच्या एका डॉक्टरांनी माणसाच्या शरीराचा अभ्यास काढला होता. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत अंगात हाड किती, मांस किती, चरबी किती, ती कुठल्या वयात चढते आणि कुठल्या वयात उतरते, असा. शहरातली माणसं त्यांची मोजून झाली होती, आता किनाऱ्यावरचं एक गाव हवं होतं. मला मालवणी येते एवढ्याच गुणावर त्यांनी मला नेमलं. मालवणच्या बाजारात एक खोली भाड्याने घेतली, तिच्यात एक टांगायचा काटा, उंचीची लाकडी पट्टी, कापडी टेप आणि एक चिमटा आणून ठेवला, आणि खाडीपलीकडच्या एका गावात दर महिन्याला जाऊन सगळ्यांना मोजायचं, असं सांगून ते मुंबईला निघून गेले. तीन-चार महिन्यांनी एकदा यायचे, दोन दिवस राहायचे, परत जायचे. मधले सगळे दिवस माझे.

चिमटा म्हणजे चुलीवरचं भांडं उतरवायच्या सांडशीसारखंच एक अवजार, फक्त त्याला घड्याळासारखी तबकडी होती. दंडाच्या मागची किंवा पोटावरची कातडी दोन बोटांत धरायची, चिमटा लावायचा, की खालच्या चरबीची जाडी तबकडीवर दिसे. ह्या चिमट्याने माझी पार अब्रू घालवली. गावात मी शिरले की पोरं ओरडत, "चिमटेवाली इली गो, चिमटेवाली!" आणि बायका परड्यातून मागच्या मागे पसार होत. जरा ओळख वाढल्यावर त्या मला काटेवाली बाय म्हणू लागल्या, ती त्यातल्या त्यात बढतीच होती.

बरं, चिमट्यात सापडायला तिथे होतं तरी काय! होड्या ओढणारे, भातं लावणारे लोक. अंगावर कातडी आणि कातडीखाली लगेच हाड. डॉक्टरांना चरबीचा अभ्यास करायचा होता आणि अख्ख्या गावात चिमटा खऱ्या अर्थाने उघडला तो एकाच माणसासाठी, तिठ्यावरच्या दुकानदारासाठी. त्याचं पोट त्याच्या पुढे चालायचं आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! डॉक्टरांनी चिमटा लावल्यावर तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बघलास? माझ्या एकट्यारच मशीन खूश झालां." पोट सुटणं हा रोग असू शकतो, हे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. दुकानाच्या पायरीवर बसलेली सगळी गिऱ्हाइकं हसली. असला रोग आपल्याला का होत नाही, हेच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वयाचा घोळ तर विचारू नका. शाळेत जावं तर हजेरीपटावर सगळ्या वर्गाचा जन्म एक जूनचा. मास्तरांनी पोराकडे बघून दाखल्यापुरतं वय ठरवलेलं, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख तीच. डॉक्टर मुंबईहून विचारायचे, तुमच्या गावात सगळी पोरं एकाच दिवशी कशी जन्मतात? घरी जाऊन आयांना विचारावं तर एक म्हणे, "वयला आंब्याचा झाड पडला तेवा माका सातवो म्हयनो होतो." झाड कधी पडलं ते सांगायला शेजारीण यायची, ती दुसरंच सांगायची, मग दोघींचं भांडण आणि मी मध्ये पेन्सिल चावत उभी. शेवटी मी पोरांचे दात मोजून वय लिहू लागले. त्यात नवे किलो आलेले. बायकांना कळायचे शेर आणि रत्तल. पोराचं वजन सांगितलं की त्या विचारत, "म्हणजे किती गो? बरां काय वायट?"

ह्या प्रश्नासाठी डॉक्टरांनी एक सोपं वाक्य ठरवून दिलं होतं. काटा वर, तर बाळ बरं. वजन करताना आकडा मोठ्याने वाचायचा आणि मागच्यापेक्षा जास्त असला की हे वाक्य म्हणायचं. म्हणजे आयांना गोडी लागेल, पोरं दर महिन्याला काट्यावर येतील, आपला अभ्यास खंडणार नाही. मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की वर्षभरात सगळ्या गावाचं ते पाठ झालं. पोरं खेळातसुद्धा एकमेकांना उचलून म्हणायची, "काटो वयर, बाळ बरां!" त्या वाक्याचा पुढे मला इतका संताप आला की आजही कुठे वजनकाटा दिसला की तेच आधी आठवतं.

त्या गावात समुद्राच्या बाजूला शेवटचं एक घर होतं. घरात सासू, सून आणि सुनेचा तीनेक वर्षांचा मुलगा. नवरा मालाच्या बोटीवर खलाशी. तो कुठल्या बंदरात आहे हे पत्र आल्यावर कळायचं, आणि पत्र येईपर्यंत तो तिथून हललेला असायचा. ह्या घरी मी पहिल्यांदा काटा घेऊन गेले तेव्हा सासू उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"ह्येका तोलूचो नाय," ती म्हणाली. "ह्यो देवाक बोललेलो आसा. देवाआदी तू कोण गो तोलणारी?"

ती आंगवण होती, म्हणजे नवस. सुनेचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. ह्याच्या वेळी म्हातारीने ग्रामदेवतेला सांगितलं होतं, हा जगला तर त्याच्या बापाच्या हाताने त्याला गुळाने तोलीन. आणि तोवर त्याच्या तोंडाला म्हावरं लावणार नाही. म्हावरं म्हणजे मासे, आणि मासे नाहीत म्हणजे अंडंसुद्धा नाही. आता पोर जगलं होतं, आईचं दूध सुटलं होतं, पण बापाचा पत्ता नव्हता. बाप आल्याशिवाय तुळा नाही, आणि तुळा झाल्याशिवाय मासे नाहीत. दारासमोर रापणीचं जाळं ओढलं जायचं, बांगडे वाळूत उड्या मारत पडलेले असायचे, आणि हे पोर पायरीवर बसून मिठाची पेज प्यायचं. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. मी म्हटलं, मासे नाहीत तर निदान कुळथाची पिठी तरी द्या. म्हातारी म्हणाली, "कुळीथ उष्ण पडतत." घरच्या गाईचं दूध म्हणाल तर गाय भाकड. माझ्या हातात काय होतं? मी कागदावर त्याच्या नावापुढे वजनाची जागा कोरी सोडून उंची, दंड आणि चिमटा एवढंच घेऊन परत आले. उंचीला आणि चिमट्याला देवाची हरकत नव्हती.

असे बरेच महिने गेले. पोराची उंची काही केल्या हलेना. दंड काडीसारखा होत गेला. आणि मग दिवाळीनंतरच्या एका खेपेला मी गेले तर सून हसत बाहेर आली. ती एरवी फारसं हसायची नाही.

"बघ गो बाय, बाळसा धरल्यान माझ्या झिलान!"

खरंच, गाल वर आले होते. पाय भरले होते, मनगटावर वळी पडल्यासारखी दिसत होती. अंगाचा काळसर रंगही उजळला होता. म्हातारी म्हणाली, "गोरो जाता आसा. आजोबाच्या वळणार गेलो." केससुद्धा तांबूस झाले होते, तेही तिला आजोबांचेच वाटले. मला आधी बरं वाटलं. बाळसं हा शब्दच असा आहे, की तो कानावर पडला की आपण पोराकडे बघतच नाही, नुसतं हसतो. पण ते पोर माझ्याकडे बघेना. मी चिमटा काढला की गावातली सगळी पोरं रडायची, हा रडला नाही. पळाला नाही. बसवलं तिथे बसून राहिला आणि खालच्या आवाजात कण्हल्यासारखं काहीतरी करत राहिला. मी दंडाला चिमटा लावला तर तबकडीवरचा काटा एका जागी ठरेना. आधी वर गेला, मग हळूहळू आपोआप खाली सरकत आला. मला वाटलं चिमटा बिघडला. मी स्वतःच्या दंडाला लावून पाहिला, तर काटा गप्प उभा.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार होते. ते आल्यावर मी त्यांना थेट त्या घरी नेलं. त्यांनी चिमट्याला हातही लावला नाही. पोराच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता, मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा. तो भरून यायला बराच वेळ लागला.

"हे बाळसं नाही," ते बाहेर आल्यावर मला म्हणाले. "पाणी आहे. सूज. आतलं मांस वितळून चाललंय आणि वरून पाणी भरतंय. ह्याला मासे, अंडी, दूध, डाळ, काहीतरी पोटात जायला हवं, नाहीतर एखाद्या साध्या जुलाबातही हे पोर जाईल."

मी म्हटलं, मग तुम्ही त्यांना सांगा. ते सांगायला गेले. पुस्तकी मराठीत, अदबीने, पाच मिनिटं बोलले. सासू-सुनेने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ऑफिसातल्या माणसासमोर आमच्याकडे सगळेच मान खाली घालतात. डॉक्टरांनी सावंतवाडीच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली, ती म्हातारीने देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. आणि डॉक्टरांची पाठ वळताच मला म्हणाली, "मेल्याक दिसना नाय काय? बाळसा बघवना नाय तेका. दृष्ट लावन गेलो."

मग तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका मलाच लागला.

परत येताना होडीत मी डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, आपण इथे थांबून ह्याच्यासाठी काही करायला हवं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी मला समजावलं ते असं: "आपण मोजायला आलो आहोत. ज्याला त्याला बरं करत सुटलो तर हे लोक जसे आहेत तसे राहणार नाहीत, मग आपण मोजलं काय? चिठ्ठी दिली, सांगितलं, आपलं काम झालं. तुम्ही फक्त त्याचं वजन मिळवा. असं उदाहरण सहसा हाती लागत नाही." आणि जाता जाता म्हणाले, कधी त्याला नीट खायला मिळालंच, तर सूज उतरेल, वजन आधी खाली येईल, तेव्हा घाबरू नका, ते उतरणं म्हणजेच सुधारणं.

त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन काट्याला लाथ मारली. पायालाच लागलं. एकीकडे उदाहरण म्हणणारा माणूस आणि दुसरीकडे बाळसं म्हणणारी घरची माणसं, आणि मधल्या मध्ये ते पोर पेज पीत बसलेलं. कोणाचं वाईट चिंतणारं कोणी नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. वाईट माणसाशी निदान कचाकचा भांडता येतं.

सुनेला मी एकटीला विहिरीवर गाठलं. तिच्या कडेवरच्या पोराच्या पायावर माझा अंगठा दाबून तिला तो खळगा दाखवला. तिने तिथेच शेजारी आपलं बोट दाबून पाहिलं. मग म्हणाली, "माका कळता गो. रात्रीचो कण्हता. पण आये आयकूची नाय. तिना दोन नातू पुरल्यान. देवाचो सबुद मोडलो आनि ह्यो गेलो, तर माका ती घरात ठेवीत? आनि मी तरी माका ठेवीन?"

मी कॉलेजात शिकलेलं सगळं त्या विहिरीच्या काठावर निरुपयोगी झालं. दोनच वाटा होत्या, एक तर बोट यावी किंवा देवाने तरी सोडावं. बोट माझ्या हातात नव्हती. म्हणून मी देवाकडे वळले.

आमच्याकडे देवाला विचारायची रीत आहे. कौल लावायचा. गुरव मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हातारीसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आजी, बापूस नसताना तुळा केली तर चलात काय, तां देवाकच विचारूया. देव नाय म्हणालो तर मी परत ह्या घराची पायरी चढाची नाय." पायरी चढणार नाही हे ऐकून तिला मोह पडला असावा. ती तयार झाली.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. मी विज्ञानाची पदवीधर, त्या गाभाऱ्यासमोर लाल मातीच्या जमिनीवर बसून दोन ओल्या पाकळ्यांकडे डोळे लावून होते. पाकळी का पडते हे मला माहीत होतं. ओल सुटली की पडते. तरी मी हात जोडले होते. गुरव बोलत होता, "बा देवा म्हाराजा, लेकराचो बापूस दर्यार आसा, तेका येवक गावना नाय. नारळाक बापाशीच्या जागेर मानून घेतंस तर उजवो दी रे म्हाराजा!" जमलेली चार माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" पाकळी पडेना. गुरव पुन्हा बोलला. पाकळी पडेना. म्हातारी माझ्याकडे बघू लागली. मला देवाचा इतका राग आला, इतका राग आला की मीच मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा!"

उजवी पडली.

त्याच आठवड्यात तुळा झाली. देवळाच्या तुळईला मोठा तराजू टांगला, एका पारड्यात पोराला बसवलं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचत गेले. बापाच्या जागी नारळ ठेवला होता. ढेप चढत गेली, पारडं उठेना. लोक कौतुकाने म्हणाले, "जड आसा हो झिल! देवान भरलो तो!" म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोलत होते त्यात अर्धं पाणीच होतं, आणि हे ठाऊक असूनही मी कोणीतरी हातावर ठेवलेला गुळाचा खडा खात उभी होते.

पण काही झालं तरी दार उघडलं होतं. संध्याकाळी सुनेने बांगडा भाजला, काटे काढून पेजेत कालवला आणि त्याला भरवला. मी समोर बसले होते. पहिला घास त्याने थुंकला. दुसरा तोंडात तसाच धरून ठेवला. तिसरा गिळला. मग रोज काहीतरी मिळू लागलं, कधी छोटे पेडवे मासे, कधी सुक्या गोलम्याची, म्हणजे जवळ्याची, चिमूट, कधी शेजारच्या कोंबडीचं अंडं. मी आता महिन्याची वाट न बघता दर आठवड्याला जाऊ लागले. काट्यावर बसायलाही आता बंदी नव्हती. पहिलं वजन मी मोठ्याने वाचलं. मोठं होतं. म्हातारीने ते बोटांवर धरून पाठ केलं.

पुढच्या आठवड्यात काटा खाली आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी खाली.

मला आनंद झाला होता. नडगीवरचा खळगा उथळ झाला होता, आणि पोराने माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली होती. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. पण म्हातारीला दिसत होते ते उतरलेले गाल आणि काड्यांसारखे पाय. सुजेखाली जे होतं ते आता उघडं पडत होतं.

"बाळसा गेला," ती म्हणाली. "म्हावरां तेका मानवना नाय. बघ कसो चिपाड झालो तो."

मी समजावलं. सूज होती, ती उतरते आहे, पाणी जातंय, मांस मागाहून येईल. डॉक्टरांचे शब्द, माझे शब्द, सगळे वापरले. नडगी दाबून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं.

"काटो वयर तर बाळ बरां. कोण म्हणी गो ह्यां? तूच मा? मगे आता काटो खाली इलो, तर बाळ बरां कसां?"

वर्षभर घरोघर जाऊन मीच ते पेरलं होतं. डॉक्टरांना काय, ते मुंबईला होते.

"पुढच्या खेपेक काटो खाली गेलो," ती म्हणाली, "तर म्हावरां बंद. जी पेज खावन बाळसा धरलेल्यान, तीच पेज तेका घालूची." सून चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी घरी आईशी भांडले, शेजारणीशी भांडले, डॉक्टरांना एक रागाचं पत्र लिहिलं आणि फाडून टाकलं. पत्र पोचून उत्तर येईपर्यंत काय होणार होतं? पोराची सूज अजून पुरती गेली नव्हती. म्हणजे काटा आणखी खाली जाणारच होता. तेवढा एक आठवडा किंवा दोन निभावले, की मग अंगावर खरं मांस चढणार होतं. आणि नेमकं त्या एक-दोन आठवड्यांपायी ते पोर परत पेजेवर जाणार होतं.

मी गेले तेव्हा म्हातारी पुढच्या पडवीत सुपाऱ्या वाळत घालत बसली होती. तिची नजर अधू झाली होती, काट्याचा आकडा तिला दिसत नसे, पण कान तिखट होते. मी काटा परड्यातल्या फणसाला टांगला. सुनेने पोराला झोळीत बसवलं. त्याने झोळीची दोरी धरून झोका घ्यायचा प्रयत्न केला आणि काटा हलला म्हणून हसला. हसताना त्याचे दात दिसले, ज्यांच्यावरून मी त्याचं वय लिहिलं होतं. काटा थांबला. तो मागच्यापेक्षाही खाली होता.

मी कागदावर होता तोच आकडा लिहिला. तो आजही कुठल्यातरी तक्त्यात बरोबर असेल. आणि मग पडवीपर्यंत जाईल इतक्या मोठ्या आवाजात दुसराच आकडा वाचला. "वाढलो! काटो वयर इलो हां आजी, बाळ बरां!" आयुष्यात इतक्या जोरात आणि इतक्या रागाने मी कधी खोटं बोललेले नाही, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. मग महिनाभर मी त्या घरी काटा नेलाच नाही; नेला तेव्हा तो खरोखरच वर गेलेला होता आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागलं नाही. पण त्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं.

सुनेने पोराला झोळीतून उचललं. त्याला कडेवर घेता घेता ती मधेच थांबली. तिने त्याला जरासा वर उडवल्यासारखं केलं, पुन्हा धरलं, आणि माझ्याकडे पाहिलं. दिवसरात्र त्याला कडेवर वागवणारी बाई ती. तिला माझ्या काट्याची काय गरज? तिच्या हाताला सगळं कळलं होतं. आता ही काय बोलणार म्हणून मी झोळीची दोरी सोडवता सोडवता थांबले.

तिने पदर खोचला, पोराला घेऊन घराला वळसा घालून पुढच्या पडवीकडे गेली. मी फणसाखालीच उभी होते. तिथून तिचा आवाज ऐकू आला, कुरकुरता, दमल्यासारखा.

"आये, घे गो ह्येका जरा. माझो हात मोडलो. केदो जड झालो ह्यो!"